सर्व्हरवर ॲडमिन असूनही ‘ॲक्सेस डिनाइड’: परवानगीची चौकट पुन्हा पुन्हा का आडवी येते

फोंड्यात मुख्य कार्यालय, वाळपई, डिचोली, शिरोडा इथे शाखा, आणि सगळ्यांचा हिशेब एकाच सर्व्हरवर. गोव्यातल्या पतसंस्था, औषधांचे घाऊक व्यापारी, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखाने यांची रचना साधारण अशीच असते. सर्व्हर सांभाळणारा माणूस एकच, आणि तोही बहुतेक वेळा म्हापशाला किंवा मडगावला बसलेला. पावसाळ्यात लाईट जाते, सर्व्हर बंद पडून पुन्हा उठतो, दुरून जोडून काम करायची वेळ येते, आणि तिथून तक्रारी सुरू होतात. ‘हा प्रोग्राम तुमच्या संगणकात बदल करू शकतो, परवानगी द्यायची का?’ अशी चौकट येते आणि दुरून मदत करणाऱ्याचा पडदा काळा होतो. किंवा रिमोट डेस्कटॉपने आत जाता येतं, पण त्याच खात्याने सर्व्हरचा सी ड्राइव्ह नेटवर्कवरून उघडायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. किंवा प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडला की त्याला झेड ड्राइव्हच, म्हणजे ड्राइव्ह म्हणून जोडलेला सर्व्हरवरचा फोल्डरच, सापडत नाही.

यावर सगळीकडे एकच उतारा सांगितला जातो: युझर अकाउंट कंट्रोल, म्हणजे ही चौकट दाखवणारी सोय, बंद करा, सगळ्यांना ॲडमिन करा. त्याने काही दिवस सुरळीत जातात. मग नवीन कर्मचारी येतो, नवीन मशीन येतं, आणि तक्रार परत दारात उभी. वरच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एक आहे आणि ते समजून घेतलं तर चौकट चालू ठेवूनही त्या कायमच्या मिटतात. म्हणून आधी मूळ पाहू.

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातल्या माणसाने लॉगिन केलं की विंडोज त्याला एक नव्हे, दोन टोकन देतं. टोकन म्हणजे हा माणूस कोण, कोणत्या गटातला आणि त्याला काय करता येईल याची यादी. एक टोकन पूर्ण अधिकारांचं, दुसरं छाटलेलं. डेस्कटॉप, ब्राउझर, फाइल एक्सप्लोरर हे सगळं छाटलेल्या टोकनवर चालतं. देवळातला पुजारी अंगणात रोजच्या कपड्यांत वावरतो. गाभाऱ्यात जाताना सोवळं नेसतो. माणूस तोच, अधिकारही त्याचाच, पण सोवळ्याशिवाय आत प्रवेश नाही. परवानगीची चौकट म्हणजे ‘सोवळं नेसायचं का?’ हा प्रश्न. ‘मी ॲडमिन आहे, मग मला का अडवतोय?’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: तुम्ही ॲडमिन आहात, पण या घडीला तुमच्या हातात छाटलेलं टोकन आहे.

हे डोळ्यांनी पाहता येतं. कमांड प्रॉम्प्ट साधा उघडा आणि ‘हू ॲम आय’ हे तीन शब्द जोडून लिहा, पुढे जागा सोडून स्लॅश आणि ‘ग्रुप्स’. येणाऱ्या यादीत ॲडमिनिस्ट्रेटर्स गटापुढे ‘ग्रुप यूज्ड फॉर डिनाय ओन्ली’ असं दिसलं आणि खाली ‘मीडियम मँडेटरी लेव्हल’ असेल, तर टोकन छाटलेलं आहे. तोच प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पाहिलं तर ‘हाय मँडेटरी लेव्हल’ दिसेल. कुठलीही सेटिंग बदलायच्या आधी हे पाहायची सवय लावून घ्या. अर्ध्या तक्रारींचं निदान या एका कमांडमध्ये होतं.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे फार वेळ वाया जातो. टोकन लॉगिनच्या क्षणी तयार होतं. एखाद्याला तुम्ही आत्ता नव्या गटात घातलं तरी त्याचं चालू टोकन बदलत नाही. साइन आउट करून पुन्हा आत यावं लागतं. रिमोट डेस्कटॉपवर लोक खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून निघून जातात. त्याने सेशन संपत नाही, फक्त तुटतं. दुसऱ्या दिवशी तो माणूस त्याच जुन्या सेशनमध्ये, त्याच जुन्या टोकनवर परततो आणि म्हणतो, ‘तुम्ही अधिकार दिलेच नाहीत’. स्टार्ट मेनूमधून साइन आउट करायला शिकवा. न जमल्यास तुटलेली सेशन्स ठरावीक वेळाने संपवण्याची ग्रुप पॉलिसी (विंडोजचे नियम ठरवायची सोय) लावा.

पडदा काळा होतो तेव्हा

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा विंडोजचं क्विक असिस्ट यांतून शाखेतला संगणक हाताळताना चौकट आली की मदत करणाऱ्याला काही दिसत नाही. शाखेतल्या मॅडमना मात्र ती दिसत असते. हा बिघाड नाही. चौकट ज्या पडद्यावर येते तो सुरक्षित डेस्कटॉप वेगळा असतो. तिथे साध्या अधिकारांवर चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला बघता येत नाही, क्लिक करता येत नाही. तसं नसतं तर एखादा घातक प्रोग्राम स्वतःच ‘येस’ दाबून मोकळा झाला असता. दुरून मदत करणारा प्रोग्राम नुसता डाउनलोड करून चालवलेला असेल तर विंडोजच्या लेखी तोही इतरांसारखाच परका. विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपला ही अडचण नाही, कारण तिथे सगळं सेशनच सर्व्हर रंगवून पाठवतो, चौकटीसकट.

यावर उपाय म्हणजे तो प्रोग्राम शाखेच्या संगणकावर रीतसर इन्स्टॉल करणं, म्हणजे तो सिस्टीमची सेवा (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) म्हणून चालतो आणि चौकटही दाखवू शकतो. हे एकदा जागेवर जाऊन, ॲडमिनच्या हाताने करायचं काम आहे. एक फेरी घाला, पुढचा पावसाळा सुखाचा जाईल. दुसरा मार्ग म्हणजे जोडल्यानंतर त्या प्रोग्राममधून वाढीव अधिकारांची विनंती पाठवणं. पण तेव्हा समोरच्याला एकदा परवानगी द्यावीच लागते. युझर अकाउंट कंट्रोलच्या सेटिंगमधला स्लायडर एक पायरी खाली आणून ‘पडदा मंद करू नका’ हा पर्याय घेतला तर चौकट साध्या डेस्कटॉपवर येते. शाखेच्या एखाद्या संगणकावर काम अडलं म्हणून तात्पुरतं हे केलं तर मी समजू शकतो. सर्व्हरवर हे करू नका.

शाखेतला कर्मचारी साध्या खात्यावर असेल, आणि तो असायलाच हवा, तर चौकट नुसतं ‘येस’ विचारत नाही, ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड मागते. इथे खरं नुकसान होतं. घाईत पासवर्ड फोनवरून सांगितला जातो, तो कॅलेंडरच्या मागे लिहिला जातो, मग व्हॉट्सॲपवर जातो. त्या दिवसापासून तो पासवर्ड पूर्ण शाखेचा. त्यातून तोच पासवर्ड सर्व्हरलाही असेल तर शाखेतल्या कोणत्याही संगणकावरून सर्व्हर उघडा झाला. पासवर्ड तोंडी सांगायची वेळ येत असेल तर मांडणीत चूक आहे असं समजा आणि मांडणी बदला.

रिमोट डेस्कटॉप चालतो, पण नेटवर्कवरून नकार

सर्वांत जास्त डोकं खाणारी तक्रार ही. खातं ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात आहे, पासवर्ड बरोबर आहे, रिमोट डेस्कटॉपने आत जाऊन सगळं करता येतं. पण आपल्या संगणकावरून सर्व्हरचा ‘सी डॉलर’ हा छुपा शेअर उघडला, किंवा दुरून एखादी सेवा सुरू-बंद करायला गेलं की त्रुटी क्रमांक 5, ‘ॲक्सेस इज डिनाइड’.

कारण असं: सर्व्हरवर बनवलेलं स्थानिक खातं नेटवर्कवरून आलं की विंडोज त्याला छाटलेलंच टोकन देतं आणि तिथे चौकट दाखवायची सोय नाही, म्हणून थेट नकार. रिमोट डेस्कटॉप हे समोर बसून केल्यासारखं लॉगिन असल्याने तिथे चौकट येते आणि काम होतं. डोमेनचं (सगळ्या संगणकांची खाती एका जागी ठेवणाऱ्या रचनेचं) खातं सर्व्हरच्या ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात असेल तर त्याला नेटवर्कवरूनही पूर्ण टोकन मिळतं. आणि विंडोजबरोबर जन्मलेलं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हे मूळ खातं या नियमातून मुळातच सुटलेलं असतं. त्यामुळे एखादा हुशार माणूस प्रयोग करून पाहतो, मूळ खात्याने चालतं हे त्याला कळतं, आणि सगळं कार्यालय त्या एका खात्यावर येऊन बसतं.

आणखी एक गोंधळ. दोन सर्व्हर सारखे असूनही एक चालतो, दुसरा नाही. बहुतेक वेळा चालणाऱ्या सर्व्हरवर कुणीतरी कधीतरी पॉवरशेलचं रिमोटिंग, म्हणजे दुरून कमांड चालवायची सोय, सुरू केलेलं असतं. ते सुरू करणारी कमांड रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) ‘लोकल अकाउंट टोकन फिल्टर पॉलिसी’ या नोंदीची किंमत 1 करून ठेवते, म्हणजे छाटणी बंद. रिमोटिंग नंतर बंद केलं तरी ती नोंद आपोआप 0 होत नाही, हाताने करावी लागते. जागा लक्षात ठेवा: लोकल मशीनच्या फांदीत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टीम. नावं सलग, मधे जागा न सोडता लिहिलेली असतात. या लेखातल्या जवळजवळ सगळ्या नोंदी याच फोल्डरात आहेत.

मग काय करावं? डोमेन असेल तर वेगळं डोमेन ॲडमिन खातं वापरा, प्रश्न मिटला. आपल्याकडच्या लहान कार्यालयांत बहुधा डोमेन नसतं, वर्कग्रुप असतो, म्हणजे प्रत्येक मशीनची खाती तिच्यापुरती. तिथे आधी स्वतःला विचारा की ‘सी डॉलर’ लागतोच कशाला. नुसत्या फाइली ठेवायच्या असतील तर एक वेगळा फोल्डर रीतसर शेअर करा आणि त्यावर नेमक्या माणसांना अधिकार द्या. सेवा सुरू-बंद करायच्या असतील तर रिमोट डेस्कटॉपने आत जा. एवढ्यावर भागत नसेल तरच ती नोंद 1 करा, आणि किंमत समजून करा: सगळ्या मशीनवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं ॲडमिन खातं असेल आणि छाटणी बंद असेल, तर एका मशीनवरून चोरलेल्या पासवर्डच्या हॅशवर (पासवर्डपासून बनवून साठवलेल्या सांकेतिक रूपावर) चोर बाकीच्या मशीनवर ॲडमिन म्हणून फिरतो, मूळ पासवर्ड त्याला कळायचीही गरज नसते. म्हणून प्रत्येक मशीनचा स्थानिक ॲडमिन पासवर्ड वेगळा हवाच. डोमेन असलेल्यांसाठी विंडोज लॅप्स हे काम आपोआप करतं. एप्रिल 2023 च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आहे.

स्लायडर अगदी तळाला नेला तरी हा नकार जात नाही, हेही ओळखून असा. विंडोज 8 पासून स्लायडर तळाला नेल्याने चौकट फक्त गप्प होते, दोन टोकनांची पद्धत तशीच राहते. लोक स्लायडर खाली ओढतात, नकार कायम राहतो, आणि चौकट मात्र फुकट गमावून बसतात.

पावत्या गेल्या कुठे?

ही तक्रार ऐकायला वेगळी वाटते, पण याच घराण्यातली आहे. जुनं बिलिंगचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरातच लिहितं. तिथे लिहायला पूर्ण टोकन लागतं. 32 बिटचा जुना प्रोग्राम छाटलेल्या टोकनवर चालत असेल तर विंडोज त्याला नकार न देता त्याचं लिखाण गुपचूप वळवतं, त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरातल्या लोकल, त्यातल्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’मध्ये. आता एक क्लार्क प्रोग्राम साधा उघडतो, दुसरा ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने. पहिल्याच्या पावत्या त्याच्या वैयक्तिक फोल्डरात, दुसऱ्याच्या खऱ्या फोल्डरात. दोघांच्या पडद्यावर वेगवेगळे आकडे. संध्याकाळी बेरीज जुळत नाही आणि संशय माणसांवर जातो. कुणावर बोट ठेवण्याआधी व्हर्च्युअल स्टोअर उघडून पाहा.

दुरुस्ती करताना आधी सर्वांना बाहेर काढा, दोन्ही ठिकाणच्या डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. मग डेटाचा फोल्डर ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर, समजा डी ड्राइव्हवर, हलवा. हिशेब करणाऱ्यांचा एक गट बनवून त्या फोल्डरावर त्या गटाला ‘मॉडिफाय’ अधिकार द्या. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नवी जागा सांगा. वळवलेल्या नोंदी मूळ डेटात मिसळण्याचं काम मात्र ते सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून करून घ्या. फाइलवर फाइल ठेवून नोंदी जुळत नाहीत, पुसल्या जातात. एवढं केलं की बहुतेक प्रोग्रामना ॲडमिन अधिकार लागतच नाहीत आणि चौकट येणंच थांबतं. प्रोग्राम दर वेळी परवानगी मागतो तेव्हा त्याला नेमकं कुठे लिहायचंय हे शोधणं हाच सरळ रस्ता आहे.

रात्रीच्या बॅकअपला मात्र खरोखर जास्त अधिकार लागतात. त्यासाठी कुणाचं ॲडमिन सेशन उघडं ठेवू नका. टास्क शेड्यूलरमध्ये काम लावा, ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ला खूण करा, चौकट येणार नाही.

झेड ड्राइव्ह न सापडण्याचं कारणही आता उघड आहे: ड्राइव्ह छाटलेल्या टोकनवर जोडला, प्रोग्राम पूर्ण टोकनवर चालतोय. ‘एनेबल लिंक्ड कनेक्शन्स’ ही नोंद 1 करून मशीन पुन्हा सुरू केली की दोन्हीकडे ड्राइव्ह दिसतो. पण कर्मचारी साधा आणि चौकटीत पासवर्ड दुसऱ्याच ॲडमिनचा दिला असेल, तर तो वेगळाच वापरकर्ता झाला. त्याच्याकडे तो ड्राइव्ह असणारच नाही. त्यापेक्षा प्रोग्रामला ड्राइव्हचं अक्षर न देता सर्व्हरच्या नावासकट पूर्ण मार्ग द्या.

रिमोट डेस्कटॉपच दार उघडत नसेल

हा टोकनचा मामला नाही, म्हणून थोडक्यात. खातं ‘रिमोट डेस्कटॉप युझर्स’ गटात आहे का पाहा. डोमेन कंट्रोलरवर (डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) मात्र या गटाला सुरुवातीला आत येण्याचा अधिकार नसतो. सर्व्हरवर देखभालीसाठी एका वेळी दोनच सेशन मिळतात, आणि फुली दाबून सोडलेली सेशन्सही त्यात मोजली जातात. स्थानिक खातं असेल तर नावाआधी टिंब आणि उलटा स्लॅश द्या, नाहीतर संगणक भलत्याच ठिकाणी ते नाव शोधतो. पासवर्डच नसलेलं खातं दुरून चालत नाही. नवीन खात्याला ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला’ अशी खूण असेल तर नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे सेशन उघडण्याआधीच होणारी पासवर्डची तपासणी, त्याला बाहेरच थांबवतं. ती खूण काढा किंवा पासवर्ड समोर बसून बदला. खातं पुन्हा पुन्हा लॉक होत असेल तर सिक्युरिटी लॉगमध्ये 4625 (फसलेलं लॉगिन) आणि 4740 (खातं लॉक झालं) या नोंदी वाचा. जुना पासवर्ड घेऊन बसलेलं एखादं शेड्यूल केलेलं काम किंवा तुटलेलं सेशन सापडतं.

लाईट गेल्यानंतरच डोमेनची लॉगिन्स बिघडत असतील तर घड्याळ बघा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की सर्व्हर चुकीच्या वेळेवर उठतो, आणि डोमेनमध्ये ओळख तपासणारी कर्बेरॉस ही पद्धत 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक सहसा खपवून घेत नाही. बॅटरी बदला, वेळ इंटरनेटवरून जुळवून घ्या.

‘या संगणकाची ओळख पटवता येत नाही’ हा इशारा काही महिन्यांनी परत येतो, तेव्हा लोक न वाचता ‘येस’ दाबतात. सर्व्हरचं स्वतःचं प्रमाणपत्र साधारण 6 महिन्यांचं असतं आणि ते नवं झालं की इशाराही नवा येतो. सर्व्हरवर जाऊन प्रमाणपत्राचा थंबप्रिंट (ओळखीचा लांब आकडा) जुळवून घ्या. शाखा जास्त असतील तर योग्य प्रमाणपत्र बसवा, म्हणजे इशारा आला की त्याला अर्थ राहील.

खात्यांची मांडणी

ज्याला ॲडमिन काम आहे त्याला दोन खाती: रोजच्या कामाला साधं, ॲडमिनसाठी वेगळं, दोन्ही त्याच्याच नावाची. सर्वांनी मिळून एक ‘ॲडमिन’ वापरलं तर 4624 च्या (यशस्वी लॉगिनच्या) नोंदीत रात्री कोण आत आलं ते कळत नाही. मूळ ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खात्याचा लांबलचक पासवर्ड लिफाफ्यात बंद करून तिजोरीत, आणि लिफाफा उघडल्याची नोंद वहीत. नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपायचे आणि घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची असते. कुणाचं खातं कुणी वापरलं हेच माहीत नसेल तर कळवणार काय?

आणि राउटरवरून 3389 हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (नेटवर्कवरचं दार) सरळ इंटरनेटला उघडा ठेवू नका. आधी व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित मार्ग), मग रिमोट डेस्कटॉप. पोर्टचा आकडा बदलून लपता येत नाही, शोधणारे सगळेच आकडे तपासतात. मे 2019 मध्ये उघड झालेल्या रिमोट डेस्कटॉपमधल्या ‘ब्लूकीप’ नावाच्या फटीतून पासवर्डशिवायच विंडोज 7 आणि सर्व्हर 2008 आर2 मध्ये शिरता येत होतं. अशी मशीन अजून कुठे चालू असतील तर त्यांना बाहेरचं दार अजिबात ठेवू नका.

बदल करून झाले की सर्व्हर एकदा पुन्हा सुरू करा, कारण यातल्या काही नोंदी त्याशिवाय लागू होत नाहीत. मग एखाद्या शाखेतल्या साध्या खात्यावरून पावती बनवून पाहा, तुमच्या ॲडमिन खात्याने दुरून एक सेवा सुरू-बंद करून पाहा, आणि रात्रीचा बॅकअप खरोखर झाला का ते सकाळी तपासा. चवथीच्या सुट्टीआधी हे करायचं असेल तर निदान आठवडाभर आधी करा, म्हणजे काही राहिलं तर शाखा उघड्या असतानाच ते लक्षात येईल.